मिरजगावच्या गच्चीवर सोलर बसवताना

सोलर बसवायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो पावसाळ्याचा: आभाळ भरून आलं तर पाणी तापणार कसं? अहिल्यानगर-सोलापूर रस्त्यावरचं मिरजगाव पर्जन्यछायेत येतं. इथे कोकणासारखी झड लागत नाही, पण जून ते सप्टेंबर आभाळाचा भरवसा नसतो आणि पुढे परतीचा पाऊस असतोच. तरीही माझ्या मते इथे सोलर बिघडतो तो ढगांपेक्षा चुकीच्या मांडणीने आणि बोअरच्या क्षारांनी.

आधी ढगांचं बघू. आपल्याच जिल्ह्यात, शिर्डीच्या साई प्रसादालयात 73 गोल आरशांवर वाफ तयार करून स्वयंपाक होतो. आरशाला थेट ऊनच लागतं, कारण ढगातून पसरून आलेला उजेड त्याला एका जागी गोळा करता येत नाही. घरच्या सोलरच्या काचेच्या नळ्या मात्र तो उजेडही शोषतात. नळीला काचेच्या दोन भिंती, त्यांच्यामध्ये निर्वात पोकळी आणि आतल्या भिंतीवर गडद लेप असतो. थर्मासप्रमाणे आत गेलेली उष्णता सहज बाहेर पडत नाही. तापलेलं पाणी हलकं होऊन वरच्या टाकीत चढतं, गार पाणी खाली उतरतं. पंप लागत नाही. उघडीप मिळाली तर पाणी कोमट होतं. दिवसभर रिपरिप असेल तर होत नाही, हे मान्य करूनच जोडणी करावी.

100 लिटर पाणी 35 अंशांनी तापवायला सुमारे 4 युनिट वीज लागते. पावसाळ्यात सोलरच्या टाकीतल्या कॉइलने 150 लिटर कोमट पाणी 10 अंश वाढवायचं तर पावणेदोन युनिट जातात. तेच सोलरचं पाणी बाथरूममधल्या गीझरमधून घेतलं, तर एका अंघोळीच्या 20 लिटरला पाव युनिटही लागत नाही. म्हणून मी कॉइलऐवजी गीझरच सुचवेन. फक्त त्याला आत गरम पाणी चालतं का, हे घेतानाच विचारावं.

नळ्यांचं तोंड दक्षिणेला हवं. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत इथला दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेकडे सरकलेला असतो. पण गरम पाण्याची खरी गरज थंडीत, आणि तेव्हा तो दक्षिणेला कललेला असतो. गार पाण्याची टाकी नळ्यांच्या उत्तरेला ठेवावी, म्हणजे तिची सावली त्यांच्यावर पडत नाही. तिचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा फूटभर तरी वर असावा, नाहीतर पाणी पुरतं भरतच नाही. सोलरच्या टाकीवरची हवेची नळी गार टाकीच्याही वर न्यायची आणि तिचं तोंड कधीच बंद करायचं नाही. गार पाण्याच्या पाइपात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा आणि गरम पाण्याला सीपीव्हीसी पाइप वापरावा. साधा पीव्हीसी मऊ पडून वाकतो.

स्टँड घट्ट बसावा म्हणून मिस्त्री स्लॅबला भोकं पाडायला निघतो. त्याला थांबवा. कोब्यातून एकदा पाणी झिरपायला लागलं की ओल कुठून कुठे जाईल, सांगता येत नाही. गच्चीवर सिमेंटचे ठोकळे ओतून त्यांतच बोल्ट बसवावेत. ठोकळे चांगले जड हवेत, कारण वळवाचा वारा मोकळ्या माळावरून थेट येतो. गीझर आणि कॉइलचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावं.

आता बोअरच्या पाण्याचं. तापलं की त्यातले क्षार पांढरे होऊन बसतात. तांब्याच्या बारीक पाइपांच्या सपाट पॅनेलमध्ये ते वाटच बुजवतात, म्हणून इथे काचेच्या नळ्या बऱ्या. त्यांच्या तळाशी साचलेला गाळ नळी उतरवून काढता येतो. टाकीत मॅग्नेशियमची कांडी असते. टाकीऐवजी ती झिजते. ती संपली की नवी टाकावी लागते, हे विकणारा क्वचितच सांगतो.

उन्हाळ्यात पाणी तुटलं आणि टाकी कोरडी पडली, तर टँकर आल्याबरोबर भर दुपारी भरू नका. कोरड्या तापलेल्या नळीत गार पाणी पडलं की काच तडकते. संध्याकाळी नळ्या निवल्यावर भरा, किंवा सकाळी उन्हं वर यायच्या आत.