प्रवासाचा खर्च आणि सभासदाचा ऊस



कारखान्याची गाडी पुण्याकडे निघालेली दिसली की पारावर एक वाक्य हमखास ऐकू येते, "निघाली बघा आपली बिलं फिरायला!" बोलणारा थट्टेने बोलतो, पण मनात थोडा सल असतोच. उलट एखाद्या चिटबॉयने खिशातले पेट्रोल घालून फड फिरले, तर ते कुणाच्या नजरेला पडत नाही. कर्मचाऱ्यांच्या प्रवासाचे नियम लेखी करताना या दोन्ही गोष्टी समोर ठेवाव्या लागतील.

आधी हिशेब पाहू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफ.आर.पी. ठरवली. तोडणी-वाहतूक त्यातूनच वजा होते. कऱ्हाड ते पुणे जाऊन-येऊन सुमारे ३२० किलोमीटर. गाडीचा खर्च किलोमीटरला १२ रुपये धरला, तर एक खेप ३,८४० रुपयांना पडते. म्हणजे एका खेपेला टनापेक्षा जास्त ऊस गेला. एकटा अधिकारी एका सहीसाठी गेला तर ही खेप महागच. पण शेती, हिशेब, खरेदी आणि प्रयोगशाळा या चार खात्यांची माणसे मिळून गेली, सकाळी शिवाजीनगरच्या साखर संकुलातले काम उरकून दुपारी मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये पोचली, तर माणशी खर्च ९६० रुपये. गाडी तीच, रस्ता तोच. फरक आखणीचा.

मात्र प्रवास म्हणजे उधळपट्टी, असे कुणी समजू नये. आपल्या शिवारात घरचा झालेला को ८६०३२ हा वाण कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेचा. फुले २६५ हा फलटण तालुक्यातल्या पाडेगावच्या संशोधन केंद्राचा. कुणीतरी जाऊन पाहिले, विचारले, बेणे आणले, तेव्हा ते आपल्या सरीत पडले. पावसाळ्यात शेती खात्याची माणसे टोळ्यांचे करार करायला बीडकडे जातात. ती गेली नाहीत, तर हंगामाला फडात कोयता कुठून येणार? गाळप चालू असताना मिलचा एखादा भाग मोडला, तर तो आणायला निघालेल्या फिटरला एस.टी.ची वाट पाहायला लावणे शहाणपणाचे नाही. कारखाना बंद राहिलेला प्रत्येक तास गाडीभाड्यापेक्षा महाग असतो.

मी हिशेब खात्यात नोकरी केली, त्या कारखान्यातली एक गोष्ट सांगतो. चिटबॉयला मोटारसायकलचा भत्ता महिन्याला ठरीव होता. पेट्रोल वाढत गेले, भत्ता तिथेच राहिला. तोही वेळेवर मिळेना, कारण बिले सह्यांसाठी टेबलावर पडून राहत. एका पोराने डोंगराकडच्या वस्त्यांवर जाणे हळूहळू कमी केले. लावणीच्या नोंदी तो गावात दुकानासमोर बसून, विचारून लिहू लागला. त्यात एका वयस्कर सभासदाचा जुलैतला आडसाली ऊस सप्टेंबरची लावण म्हणून नोंदला गेला. तोडणीचा नंबर मागे पडला. उसाला तुरा आला, ऊस पोकळ झाला, काट्यावर वजन घटले.

ते गृहस्थ ऑफिसात आले. पोरगा मान खाली घालून म्हणाला, "अण्णा, चुकलं माझं. पर तीन महिन्यांचं पेट्रोल घरातनं घातलंय मी."

अण्णा जरा वेळ गप्प बसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, तुम्ही त्याचं पेट्रोल वाचवलं. माझं किती टन गेलं, ते कुठल्या वहीत लिवणार?"

मला उत्तर देता आले नाही. ती बिले माझ्याच टेबलावर होती.

म्हणून नियम दोन्ही बाजूंना बांधणारा हवा. पुढील गोष्टी त्यात याव्यात असे वाटते.

१) वाहन हुद्द्यावर ठरू नये, कामावर ठरावे. काम कोणते, किती दिवसांचे, बरोबर कोण, हे निघण्यापूर्वी एका चिठ्ठीवर लिहावे. हंगामातल्या तातडीच्या कामाला मागाहून मंजुरी चालावी.

२) मोटारसायकलचा दर किलोमीटरवर असावा आणि पेट्रोलच्या भावाप्रमाणे वर्षातून दोनदा तपासावा. फिरतीची वही आणि ऊस नोंदीचे रजिस्टर एकमेकांशी जुळवून पाहावे.

३) परत आल्यापासून ७ दिवसांत बिल द्यावे. कारखान्यानेही पुढच्या ७ दिवसांत पैसे द्यावेत. मागचा हिशेब दिल्याशिवाय नवी उचल नाही, आणि मागचे पैसे अडकवून नवे काम सांगणेही नाही.

४) जेवणाचा भत्ता ठरीव असावा, चहाच्या पावत्या गोळा करायला लावू नये. मुक्कामाला मात्र पावती हवी. मुंबई-दिल्लीची आणि तालुक्याच्या गावाची मर्यादा एक असू शकत नाही. महिला कर्मचाऱ्यांना सुरक्षित मुक्कामासाठी मर्यादेत सवलत असावी.

५) दिवसभर गाडी चालवलेल्या ड्रायव्हरला रात्री खंबाटकी उतरून घरी यायला लावू नये. त्याच्या मुक्कामाचे पैसे वाचवणे ही काटकसर नव्हे.

६) मुकादमाची उचल बँकेतूनच जावी. कराराला गेलेल्या माणसाजवळ मोठी रोकड देऊ नये. त्यात पैशाला धोका आहे आणि त्या माणसालाही.

७) परत आल्यावर काय काम झाले, हे अर्ध्या पानात लिहून द्यावे. अभ्यासदौऱ्याला तर हे सक्तीचेच असावे.

कुणी म्हणेल, एवढी कागदं कशाला? माणूस विश्वासाचा असला की झालं! पण नियम नसला की विश्वासाच्या माणसाकडेही बोट दाखवले जाते. सुक्याबरोबर ओलेही जळते. लेखी नियमाचा पहिला आधार प्रामाणिक कर्मचाऱ्यालाच होतो.

शेवटची गोष्ट थोडी कडू आहे. हा नियम चिटबॉयला एक आणि संचालकाला दुसरा, असा असून चालणार नाही. वार्षिक अहवालात कर्मचाऱ्यांचा प्रवास, संचालकांचा प्रवास आणि अभ्यासदौरे हे तीन आकडे वेगळे छापावेत. मग पारावर कुजबुज करायची गरज उरणार नाही. ज्याला विचारायचे आहे, तो सभेत उभा राहून विचारील.

सभासदांनी आपल्या सूचना वार्षिक सभेपूर्वी गट कार्यालयात लेखी द्याव्यात. आणि त्याच कागदावर, आपला चिटबॉय तुमच्या फडात प्रत्यक्ष केव्हा येऊन गेला, तेही लिहावे.