चैत्र पौर्णिमेसाठी लावलेला झेंडू

जामसांवलीच्या फूलशेतीत वसंत कधी यायचा हे पंचांग ठरवतं, आणि ती तारीख दरवर्षी हलते. हनुमान जयंती २०२३ मध्ये ६ एप्रिलला होती, २०२४ मध्ये २३ एप्रिलला, २०२५ मध्ये १२ एप्रिलला. २०२६ मध्ये ती २ एप्रिलला आहे. अधिक महिना येऊन गेला की सण पुढे सरकतो, मग पुन्हा दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे येतो. झाडाला मात्र चैत्र ठाऊक नाही. त्याला कळतं ते ऊन, थंडी आणि मुळाशी असलेलं पाणी. या दोन हिशेबांची सांगड घालण्यातच इथल्या एक-दोन एकरवाल्या घरांचा अख्खा हिवाळा जातो.

गाव नागपूरहून साठ-पासष्ट किलोमीटर, सावनेर-सौंसर-छिंदवाडा रस्त्यालगत. पिंपळाखाली निजलेल्या रूपातला शेंदूरचर्चित मारुती हे त्याचं दैवत. मंगळवारी-शनिवारी विदर्भातून गाड्या येतात, हनुमान जयंतीला तर रीघ लागते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला, पण सौंसर-पांढुर्ण्याच्या घराघरांत मराठीच बोलली जाते. २०२३ मध्ये पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. मारुतीला वाहायची रुई बांधावर आपसूक उगवते. हाराचा झेंडू मात्र लावावा लागतो.

आणि तो उलट्या हिशेबाने लावावा लागतो. रोप साधारण चार आठवड्यांचं झालं की लावणीला येतं, लावणीनंतर दोन महिन्यांनी भरात फुलतं. म्हणजे २ एप्रिलची फुलं हवीत तर लावणी जानेवारीअखेर आणि बी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे ऐन कडाक्यात. थंडीत उगवण रेंगाळते, म्हणून गादीवाफा रात्री झाकावा लागतो. महिना-सव्वा महिन्याचं झाड झालं की शेंडा खुडायचा. वाढणारं झाड असं खुडताना नव्या माणसाचा हात अडखळतो, पण त्याशिवाय बाजूच्या फांद्या फुटत नाहीत आणि फुलांची संख्या वाढत नाही. सण एप्रिलअखेर आला तर अडचण वेगळी. पारा चाळिशीपार जातो, झेंडूचं फूल लहान आणि विरळ होतं, लाल कोळी पानांवर जाळी धरतो. म्हणून जाणतं घर एकाच दिवशी सगळी लावणी करत नाही. काही दिवसांच्या अंतराने वाफे लावतं. एक वाफा पाडव्याचा, एक रामनवमीचा, एक मारुतीचा.

मोगऱ्याची रीत याच्या अगदी उलट. त्याला ऊन मानवतं, पण त्याआधी तहान सोसावी लागते. हिवाळ्यात पाणी तोडतात, झाडाची पानं गळतात. जानेवारीच्या सुमारास छाटणी होते, बुंध्याशी माती मोकळी करून शेणखत घालतात आणि मग पाणी सोडतात. नव्या फुटीच्या टोकाला कळ्या धरतात. याच पट्ट्यातल्या संत्र्याचा आंबिया बहारही असाच ताण देऊन घेतला जातो. पळस फुलतो, मोहाची फुलं टपटपू लागतात, संत्र्याच्या बागांचा वास गावात शिरतो, त्याच दिवसांत मोगऱ्यावर पहिल्या कळ्या दिसतात. हा वसंत आपोआप आलेला नसतो. कुणीतरी पौषात पाणी तोडायची हिंमत केलेली असते.

कळी उमलायच्या आत तोडावी लागते, म्हणून घर उजाडायच्या आधी वाफ्यात असतं. अंगठ्याचं नख आणि तर्जनी यांच्यामध्ये देठ धरायचा, हलका झटका द्यायचा, शेजारची हिरवी कळी दुखवायची नाही. तोडलेल्या कळ्या ओल्या फडक्यात. पुढे काही माल नागपूरच्या सीताबर्डीच्या बाजारात, काही देवळासमोरच्या दुकानांत. हार ओवायचं काम बहुधा घरातल्या बायका करतात, आणि हिशेबाच्या वहीत त्या मजुरीची ओळ क्वचितच असते. मला ही या धंद्यातली सर्वांत मोठी अन्यायाची गोष्ट वाटते.

धंद्यात जोखीमही आहेच. फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट एका दुपारी वाफा झोडपून जाते. आणि २०२० साली तर आभाळ स्वच्छ असताना सगळं गेलं. देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस, २५ मार्च, हाच गुढीपाडवा होता. पुढे ८ एप्रिलला हनुमान जयंती आली तेव्हा देशभर देवळांची दारं बंद. फुलं मोजून-मापून त्याच दिवसांसाठी आणलेली. संत्रं चार दिवस थांबतं, कापूस महिनाभर थांबतो. झेंडू थांबत नाही. ठिकठिकाणी तो उभाच सुकला किंवा गुरांपुढे गेला.

झेंडू मूळचा मेक्सिकोचा. समुद्रापलीकडून आलेलं हे फूल आपल्या दारच्या तोरणात इतकं रुळलं की त्याच्याशिवाय सण सुना वाटतो. त्याची जागा आता प्लास्टिकच्या माळा घेत आहेत. त्या कोमेजत नाहीत, म्हणून दुकानदाराला सोयीच्या आणि फूलवाल्या घराला घातक.

जामसांवलीत मारुतीच्या देवळाभोवती होणाऱ्या ‘हनुमान लोक’ या संकुलाच्या कामाचं भूमिपूजन २०२३ च्या ऑगस्टमध्ये झालं. मोठी वास्तू उभी राहते तिथे दुकानांचे गाळे होतात आणि गाळे बहुधा ज्याच्या खिशात पैसा त्याला मिळतात. पंचक्रोशीतल्या फूलउत्पादकांसाठी सावलीचे ओटे आणि फुलं ताजी ठेवणारी एखादी थंड खोली या आराखड्यात असायलाच हवी. आणि वाचकहो, २ एप्रिलला दर्शनाला गेलात तर हार ताज्या फुलांचाच घ्या, शक्यतो शेतातून टोपली घेऊन आलेल्या बाईकडून, आणि घासाघीस करू नका.