शारदा, नीरा आणि शकुंतलाबाई

सांगलीहून हरिपूरचा रस्ता धरला की थोड्याच वेळात कृष्णा-वारणेचा संगम येतो. संगमेश्वराचं देऊळ पाहायला आपण सगळेच कधी ना कधी जातो. पण हे हरिपूर गोविंद बल्लाळ देवलांचं गाव आहे, हे परतताना फार थोड्यांच्या लक्षात असतं. तसंच सांगलीच्या पश्चिमेला समडोळी आहे. तिथे १८८९ साली नारायण हरी आपटे जन्मले. पुढे त्यांनी सातारा जिल्ह्यात कोरेगावला बिऱ्हाड केलं आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत तिथेच राहून ते लिहीत राहिले. या दोन गावच्या दोन लेखकांनी एकच दुखणं हाती घेतलं. म्हाताऱ्या नवऱ्याच्या गळ्यात बांधलेली कोवळी मुलगी, हे ते दुखणं. देवलांनी त्यावर नाटक लिहिलं, आपट्यांनी कादंबरी. आणि आज मला ज्या बाईंविषयी बोलायचं आहे, त्या या गोष्टीत अगदी आडवाटेने, एका बोलपटातल्या दुय्यम भूमिकेतून आल्या. त्यांचं नाव शकुंतला परांजपे.

आधी शारदेचं बघू. ‘संगीत शारदा’ रंगभूमीवर आलं १८९९ साली. पंच्याहत्तरीचा भुजंगनाथ, पैशाला हपापलेला कांचनभट आणि त्याची मुलगी शारदा. हे नाटक महाराष्ट्रभर गाजलं. लोक रडले, हसले, भुजंगनाथाला शिव्या घालत घरी गेले. १९२९ साली बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला आणि तो हरबिलास सारडा यांच्या नावाने ‘सारडा अॅक्ट’ म्हणून ओळखला जाऊ लागला, तेव्हा पुष्कळांना वाटलं की देवलांच्या शारदेवरूनच हे नाव पडलं! गैरसमज खरा, पण नाटकाचा वचक किती होता ते त्यावरून कळतं.

मात्र नाटक पुन्हा वाचाल तर एक गोष्ट खटकेल. शारदेचं लग्न मोडतं कशामुळे? तिची इच्छा नाही म्हणून नव्हे, नवरा तिच्या आजोबाच्या वयाचा आहे म्हणूनही नव्हे. दोघांचं गोत्र एक निघतं, म्हणून मोडतं! शास्त्राने घोटाळा केला आणि शास्त्रानेच सोडवला. पुढे तिचं कोदंडाशी लग्न होऊ शकतं, तेही शंकराचार्यांचा निर्णय मिळतो तेव्हा. देवलांना दोष देण्याचं मला कारण नाही. त्या काळात प्रेक्षकांना थिएटरात टिकवून ठेवून हे एवढं सांगणं हीच मोठी गोष्ट होती. आणि हेही ध्यानात घ्या, की शारदेचं दुःख रंगमंचावर गाऊन दाखवणारा नट पुरुषच असे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हापासूनची ही रीत होती. बाईची बाजू मांडायची, पण बाईशिवाय.

आता कोरेगाव. ना. ह. आपट्यांचं ‘गृहसौख्य’ हे पुस्तक एके काळी कितीतरी नवविवाहितांच्या घरी असे. संसार सुखाचा कसा करावा हे सांगणारा हा लेखक. त्याच लेखकाने ‘न पटणारी गोष्ट’ ही कादंबरी लिहिली, यातली गंमत मला नेहमी वाटते. त्या कादंबरीवरून पुण्याच्या प्रभात कंपनीने १९३७ साली ‘कुंकू’ हा बोलपट काढला, आणि तोच हिंदीत ‘दुनिया न माने’ या नावाने. दिग्दर्शक व्ही. शांताराम. नायिका नीरा म्हणजे शांता आपटे, आणि म्हातारे वकील काकासाहेब म्हणजे केशवराव दाते.

रेडिओवर बोलतो आहे म्हणून मुद्दाम सांगतो. या बोलपटाला पार्श्वसंगीत नाही. घरातलं लंबकाचं घड्याळ, भांडी, दारं, बाहेरचा रस्ता, यांचे आवाज तेवढे ऐकू येतात. नीरा गाते तेव्हाही साथीला ग्रामोफोनची तबकडी असते. घड्याळ हे त्या घरचं जणू एक माणूसच आहे. म्हातारं आणि थकलेलं. डोळे मिटून बसलात तरी त्या घरात काय चाललं आहे ते बरंचसं कळावं, असा हा चित्रपट आहे.

नीरा शारदेसारखी रडत बसत नाही. मामाने फसवून लग्न लावलं, पण हा माझा नवरा नव्हे असं ती ठामपणे म्हणते आणि काकासाहेबांना जवळ येऊ देत नाही. अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला तर ती छडीने बडवून काढते. नाटकगृहात ‘अरेरे’ म्हणणारा प्रेक्षक इथे टाळ्या वाजवू लागला. अडतीस वर्षांत एवढा पल्ला गाठला होता.

आणि मग त्या घरात काकासाहेबांची मोठी मुलगी येते. विधवा, शिकलेली, समाजकार्य करणारी, वयाने सावत्र आईपेक्षा मोठी. ती आपल्या आईची जागा घेणाऱ्या या पोरीचा राग करत नाही. बापालाच चार शब्द सुनावते. ही भूमिका शकुंतलाबाईंनी केली.

त्या काही नटी नव्हत्या. रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या त्या कन्या. वडील १८९९ साली केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय. (‘शारदा’ही त्याच सालातली, हा आपला योगायोग.) शकुंतलाबाईंचा जन्म १९०६ चा. त्याही केंब्रिजला गेल्या, न्यूनहॅम कॉलेजात गणित शिकल्या. जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेत त्यांनी काम केलं. एका रशियन चित्रकाराशी लग्न केलं, ते टिकलं नाही, आणि मुलगी सई हिला त्यांनी वडिलांच्या घरी वाढवलं. दिग्दर्शिका सई परांजपे त्या याच. ‘कुंकू’ निघाला तेव्हा वडील लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू होते. कुलगुरूंच्या मुलीने तोंडाला रंग लावून पडद्यावर यायचं! सिनेमात जाणाऱ्या बायकांविषयी तेव्हा घराघरांतून काय बोललं जाई, हे आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. शकुंतलाबाईंनी त्याची फिकीर केल्याचं दिसत नाही. मनाला पटलेल्या गोष्टीची भूमिका करायला मिळाली, ती त्यांनी केली. पण सिनेमात त्या रमल्या नाहीत.

खरी गोष्ट इथून पुढे आहे. बाईंची मतं पुष्कळ होती आणि ती त्या लपवीत नसत. त्यांनी मराठीत नाटुकली लिहिली, ‘काही आंबट काही गोड’ लिहिलं, इंग्रजीत ‘थ्री इयर्स इन ऑस्ट्रेलिया’ आणि ‘सेन्स अँड नॉन्सेन्स’ ही पुस्तकं लिहिली. मतं तर आपल्या सर्वांनाच असतात. पारावर, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत मतांना तोटा नाही. शकुंतलाबाईंचं वेगळेपण असं, की जे मत त्यांनी पडद्यावर बापाला ऐकवलं, त्याचं पुढे काय करायचं हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. १९३८ च्या सुमाराला त्यांनी पुण्यात संततिनियमनाचं काम हाती घेतलं. मूल केव्हा हवं, किती हवीत आणि नको असेल तर काय करायचं, हे बाईला समजलं पाहिजे आणि तिला ठरवता आलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. आज हे वाक्य सरकारी भिंतीवर लिहिलेलं असतं. तेव्हा ते उघड बोलणं म्हणजे अब्रू पणाला लावणं होतं.

त्यांच्या आधी ही अब्रू पणाला लावली होती रघुनाथ धोंडो कर्व्यांनी. महर्षी कर्व्यांचे हे चिरंजीव, परांजप्यांच्या नात्यातले. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी पुढे प्राध्यापकी गमावली, आणि १९२७ पासून १९५३ मध्ये डोळे मिटेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र घेतलं होतं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. बाबासाहेब १९०० साली साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले होते, हे साताऱ्याच्या मुलांना सांगावं लागत नाही. पण हा खटला मात्र सांगावा लागतो. खटला हरला, दंड भरावा लागला. चार वर्षांनी, नोव्हेंबर १९३८ मध्ये, बाबासाहेबांच्या पक्षातर्फे मुंबई कायदेमंडळात संततिनियमनाचा ठराव आला. तोही पडला. सरकारने कुटुंबनियोजनाला हात घातला तो १९५२ साली. मधल्या चौदा वर्षांत हे काम करणारी जी मूठभर माणसं होती, त्यांत शकुंतलाबाई एक.

मग राजकारण. निवडणूक लढवून, सभा गाजवून नव्हे. १९५८ ते १९६४ त्या विधान परिषदेत होत्या आणि १९६४ ते १९७० राज्यसभेत नामनियुक्त सदस्य. कुठल्याही खुर्चीवर बसल्या तरी विषय तोच. १९९१ मध्ये पद्मभूषण मिळालं, २००० साली त्या गेल्या.

‘कुंकू’ मी वर्गात अधूनमधून दाखवतो. मुलांना शेवट आवडतो. काकासाहेबांना पश्चात्ताप होतो आणि नीरेला मोकळं करणारं पत्र लिहून ते जीव देतात. मला तो शेवट तितकासा पटत नाही. शारदेला गोत्राने सोडवलं, नीरेला म्हाताऱ्याच्या उपरतीने. म्हाताऱ्याला उपरती झालीच नसती तर? गोत्र वेगळं निघालं असतं तर? दोन्ही कलाकृतींत कुलूप बाहेरून उघडलं गेलं. शकुंतलाबाईंनी पुण्यात जे केलं, त्यात बाईच्या हाती किल्ली द्यायची होती. त्यात नाट्य नव्हतं, गाणं नव्हतं. एक खोली, एक टेबल, आणि दबक्या आवाजात बोलणारी, दाराकडे बघत बसलेली एखादी बाई, असंच ते दृश्य असणार.

आता मुलीच्या लग्नाचं वय कायद्याने अठरा आहे, आणि अजून आमच्या वर्गातली एखादी हुशार मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर परत येत नाही. चौकशी केली की मैत्रिणी सांगतात, ‘सर, तिचं जमलं.’ कुणाशी, किती वयाच्या, तिला विचारलं होतं का, हे विचारायची सोय नसते. मी एकदा विचारलं. तिचे वडील मला अगदी अदबीने म्हणाले, ‘सर, तुम्ही शिकवा. हे आमचं आम्ही बघतो.’ मी परत आलो. माझंही मत होतं, ते माझ्यापाशीच राहिलं.

गेल्या वेळी ‘कुंकू’ संपल्यावर शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. कधी न बोलणारी. तिने विचारलं, ‘सर, काकासाहेबांची मुलगी एवढी शिकलेली, एवढी धीट. मग ती लग्नाच्या आधी का आली नाही?’

वर्गात कोणी काही बोललं नाही. मीही घंटेची वाट पाहत उभा राहिलो.