हबसाण कोठले?

काळ्यासावळ्या, दांडग्या पोराला 'हबशी' म्हणण्याची रीत आपल्या जुन्या घरांतून अद्याप पुरती गेलेली नाही. म्हणणाऱ्याच्या मनात देश वगैरे काही नसतो. शब्द मात्र देशाचाच आहे. आजच्या इथिओपियाला अरब 'हबश' म्हणत, त्यावरून हबशी; युरोपीयांच्या तोंडी त्याचेच 'ॲबिसिनिया' झाले. दक्षिण अरबस्तानातील प्राचीन शिलालेखांतही हे नाव आढळते. 'गोळा होणे' या अर्थाच्या अरबी धातूशी जोडून कोणी त्याचा अर्थ 'मिश्र लोक' असा लावतात. मला तो मागाहून बसवलेला वाटतो.

'इथिओपिया' हे नाव ग्रीकांचे. अर्थ, भाजल्या चेहऱ्याच्या लोकांचा देश; म्हणजे तेथेही रंगच! पण चौथ्या शतकात अक्सूमच्या एझाना राजाने आपल्या ग्रीक शिलालेखात हे परक्यांनी दिलेले नाव आपलेसे केले. तिकडची परंपरा तर इत्योपिस नावाचा मूळपुरुषच सांगते.

आपल्याकडे जंजिऱ्याच्या सिद्दीचा मुलूख तो 'हबसाण'. गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता झाला, त्याने खडकी म्हणजे पुढचे औरंगाबाद वसविले, आणि १६२६ साली तो वारला. 'सिद्दी' हा शब्द 'सय्यिदी', म्हणजे 'माझे धनी', यावरून आला असे मानतात. गुलामाच्या जातीला धन्याचे नाव!

येथे रायापुरास माझ्या शिकवणीला हल्याळकडचा एक सिद्दी मुलगा येतो. त्याला दुसऱ्या एकाने 'हबशी' म्हटले, तेव्हा त्याने मला अर्थ विचारला. वरचे सारे सांगितले, आणि हेही सांगितले की हे नाव त्याला बहुधा लागूच पडत नाही. हल्याळ-यल्लापूरच्या रानांतील सिद्दींपैकी पुष्कळांचे पूर्वज पोर्तुगीजांनी मोझांबिककडून गोव्यास आणलेले. त्यांच्यांत हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती तिन्ही आहेत. बोली कोकणी वळणाची. २००३ साली त्यांचा अनुसूचित जमातींत समावेश झाला.

माझे वडील दरबारी गवई. मुलतानी नि जौनपुरी ते रोज गात, पण मुलतान त्यांनी कधी पाहिले नव्हते. रागाला गावाचे नाव शोभून दिसते. माणसाला न पाहिलेल्या देशाचे नाव चिकटवले की ते टोचते. त्या मुलाला मी त्याच्याच नावाने हाक मारतो, वर्गालाही तशी ताकीद आहे. घरच्या दमामावर हात बसलेला असल्याने लयीला तो पक्का आहे. सध्या भूप चालू आहे. पंचम मात्र अजून चढतो.