लॉकडाऊनमधले ते २००० रुपये: कोरोनाची मदत की ठरलेला हप्ता?

२५ मार्च २०२० ला देशभर लॉकडाऊन लागला. दुसऱ्याच दिवशी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ लाख ७० हजार कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांना एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात २००० रुपये देण्याची घोषणा होती.

पण हे पैसे नवे होते का?

नाही. पीएम-किसान योजना २०१९ पासूनच सुरू आहे. तिच्यात वर्षाला ६००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात. एप्रिल ते जुलैदरम्यान द्यायचा हप्ता सरकारने एप्रिलच्या सुरुवातीलाच दिला. म्हणजे पैसे लवकर आले, जास्त नाही. याच पॅकेजमधून महिलांच्या जनधन खात्यात तीन महिने आलेले ५०० रुपये मात्र जादाचे होते.

नुकसानभरपाई होती का?

तीही नाही. द्राक्षं बागेतच सडलेली असोत वा माल विकला गेलेला असो, अर्धा एकर असो वा पाच एकर, रक्कम तेवढीच.

मग कोण राहिलं?

सातबाऱ्यावर नाव नसलेले. खंडाने किंवा वाट्याने जमीन कसणाऱ्याचं बियाणं, खत आणि तोटा स्वतःचा, पण हप्ता जमीनमालकाच्या खात्यात. शेतमजूरही या योजनेत बसत नाहीत.

एप्रिलमध्ये हातात रोकड नसताना २००० रुपये कामाला आलेच. पण पुढचा हप्ता आला ९ ऑगस्टला. तोवर खरिपाची पेरणी उरकलेली होती.