पांढऱ्या पट्ट्याकडे परत

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या धाकट्या मुलीच्या कमरेला तेव्हा हिरवा पट्टा होता. घराजवळच्या एका कराटे क्लासात ती जायची. दर तीन महिन्यांनी परीक्षा, दर परीक्षेला फी आणि फी भरली की नवा रंग. पिवळा झाला, नारिंगी झाला, हिरवा झाला. त्या क्लासात कुणी नापास झाल्याचं माझ्या कानावर कधी आलं नाही. आम्हीही खूश होतो. पाहुणे आले की पट्ट्यासकट फोटो दाखवत होतो.

पुढे आम्ही घर बदललं आणि ती दुसऱ्या शिक्षकांकडे जाऊ लागली. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला सर्वांत सोपी 'काता' करून दाखवायला सांगितलं. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचाली. मिनिटभराचं काम. पाहून झाल्यावर सर शांतपणे म्हणाले, "बेटा, उद्यापासून पांढरा पट्टा बांधून ये."

मुलगी घरी येऊन रडली. मी तावातावाने सरांना भेटायला गेलो. ते म्हणाले, "साहेब, पोरीची काही चूक नाही. तिला शिकवलंच नाही कुणी. पट्टे तेवढे दिले." यावर काय बोलणार? पण राग काही गेला नव्हता. त्या रागापोटीच मी या पट्ट्यांचा इतिहास वाचायला घेतला.

एक लाडकी दंतकथा तुम्हीही ऐकली असेल. पूर्वीच्या काळी म्हणे शिष्य पट्टा कधीच धूत नसत. घामाने, मातीने पांढरा पट्टा मळत मळत काळा होई आणि तोच ब्लॅक बेल्ट. गोष्ट छान आहे, पण खरी नाही. काळा पट्टा ओकिनावा बेटावर, म्हणजे कराटेच्या माहेरी, जन्मलाच नाही. तो आला टोकियोहून, ज्युदोतून. ज्युदोचे जनक कानो जिगोरो हे पेशाने शिक्षक. १८८२ साली त्यांनी कोदोकान ही आपली शाळा काढली. त्याआधीच्या जुजुत्सूच्या घराण्यांत शिष्याला हस्तलिखिताच्या गुंडाळीच्या रूपाने सनद मिळे. पण दोन सनदांच्या मध्ये कित्येक वर्षं जात. एवढा काळ पोरांचा उत्साह टिकायचा कसा? कानोंनी उपाय काढला तो पायऱ्यांचा. जपानात 'गो' नावाचा पटावरचा खेळ आहे. त्यातल्या खेळाडूंची प्रतवारी 'दान' या शब्दाने होत असे. तीच पद्धत त्यांनी उचलली. १८८३ मध्ये पहिल्या दोन शिष्यांना पहिला दान मिळाला आणि त्यानंतर तीन-एक वर्षांनी दानधारक काळा पट्टा बांधू लागले. हा 'दान' म्हणजे आपल्याकडचं दान नव्हे, त्याचा अर्थ पायरी. काही क्लासांतून तो आपल्या अर्थाने वाटला जातो, ती गोष्ट वेगळी.

पहिल्या दानाला 'शोदान' म्हणतात. यातल्या 'शो'चा अर्थ आरंभ. काळा पट्टा मिळाला म्हणजे माणूस पारंगत झाला, असं आपण समजतो. मूळ शब्द सांगतो की आता शिकायला सुरुवात झाली. त्याच्या अलीकडच्या पायऱ्या म्हणजे 'क्यू'. त्या उलट्या मोजतात. दहावा, नववा असं करत पहिल्यापर्यंत उतरायचं आणि मग पहिल्या दानापासून चढायला लागायचं. मधले रंगीबेरंगी पट्टे तर आणखी नंतरचे. पॅरिसमध्ये ज्युदो शिकवणाऱ्या कावाइशी या जपानी शिक्षकाने १९३०च्या दशकात रंगांची ही माळ लोकप्रिय केली. युरोपातल्या विद्यार्थ्यांना प्रगती डोळ्यांना दिसायला हवी होती. त्यात गैर काही नाही. आपण मुलांच्या वहीत चांदणी काढतोच की!

कराटेत हे सगळं आणलं ते फुनाकोशी गिचिन यांनी. या गृहस्थांबद्दल मला विशेष आपुलकी आहे, त्याचं कारण सांगतो. ते कवी होते. १८६८ साली ओकिनावातल्या शुरी गावी त्यांचा जन्म. तेही शाळामास्तर. गावाजवळच्या डोंगरावर ते एकटेच फिरायला जात. पाइनच्या रानातून वाहणाऱ्या वाऱ्याचा आवाज लाटांसारखा येई, म्हणून त्यांनी कवितेसाठी टोपणनाव घेतलं 'शोतो', पाइनच्या लाटा. उर्दूत ज्याला आपण तखल्लुस म्हणतो, तेच हे. पुढे टोकियोत शिष्यांनी त्यांच्यासाठी वास्तू उभारली तेव्हा दारावर नाव लावलं 'शोतोकान', म्हणजे शोतोंचं सभागृह. आज जगभर लाखो मुलं ज्या शैलीचं कराटे शिकतात, तिचं नाव एका कवीचा तखल्लुस आहे, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल?

त्यांचं स्वतःचं शिक्षण कसं झालं, ते त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. गुरू अझातो यांच्या घरी ते रात्री चालत जात. मागच्या अंगणात मिणमिणत्या उजेडात एकच काता पुन्हा पुन्हा करायची. गुरू ओसरीवर ताठ बसून पाहत. बोलणं जेमतेम एवढंच, की पुन्हा कर. कधीमधी 'बरं' म्हणाले तर ती मोठी शाबासकी. एकच काता महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं, आणि ती गुरूच्या मनासारखी उतरल्याशिवाय पुढची नाही. पहाटे घरी परतणाऱ्या या तरुण मास्तरांबद्दल शेजाऱ्यांना भलताच संशय होता. बदनाम वस्तीतून येतोय की काय! परीक्षा नव्हती, पट्टा नव्हता, प्रमाणपत्र नव्हतं. मला इथं कोल्हापूरच्या तालमी आठवतात. वस्ताद पोराला कुठल्या जोडीला उभा करतो यावरूनच त्याची पत कळायची.

१९२२ साली फुनाकोशी टोकियोत प्रात्यक्षिकासाठी आले. कानोंनी त्यांना कोदोकानमध्ये बोलावलं आणि मग ते टोकियोतच राहिले. ज्युदोच्या पोशाखाच्या आणि पट्ट्याच्या धर्तीवर कराटेलाही रूप आलं. १० एप्रिल १९२४ रोजी त्यांनी सात जणांना पहिले दान दिले. त्यांत ओत्सुका हिरोनोरी होते. पुढे त्यांनी वादो-र्‍यू ही आपली वेगळी शैली काढली. गंमत पाहा, दान देणाऱ्याला त्याच्या गुरूंनी कधी पट्टा बांधला नव्हता. त्या काळी ओकिनावात ती पद्धतच नव्हती.

आता परीक्षेकडे वळू. पारंपरिक परीक्षेत तीन गोष्टी पाहतात. किहोन म्हणजे मूळ ठोसे, लाथा, बचाव. काता. आणि कुमिते, म्हणजे जोडीदाराशी लढत. नवशिक्याच्या कुमितेत हल्ला करणारा आधी मोठ्याने सांगतो की मी डोक्याच्या उंचीवर मारणार आहे किंवा छातीच्या. मग मारतो. सांगून मारायचं, यात कसली लढाई, असं मला वाटायचं. पण सांगून मारलेला ठोसासुद्धा नीट अडवता येत नसेल, तर न सांगता मारलेल्याचं काय करणार?

माझ्या मुलीने करून दाखवलेली काता होती 'हेइआन शोदान', एकवीस हालचालींची. सरांनी नंतर मला शेजारी बसवून दाखवलं की परीक्षकाची नजर कुठे असते. मागच्या पायाची टाच उचलली जाते का? वळण्याआधी नजर वळते का, की अंग आधी आणि डोळे नंतर? एक हात ठोसा मारतो तेव्हा दुसरा कमरेशी पुरता परत येतो का? आणि शेवटची खूण तर साध्या माणसालाही दिसते. ही काता जिथून सुरू होते तिथेच संपायला हवी. आमची मुलगी दीड हात लांब जाऊन थांबली होती. म्हणजे वाटेतली पावलं कुठे आखूड, कुठे लांब पडली होती. तीन रंगांचे पट्टे दिले, पण हे कुणी सांगितलं नव्हतं.

आदराचा भागही सांगायला हवा. फुनाकोशींच्या वीस सूत्रांतलं पहिलंच सूत्र 'रेई'बद्दल आहे. कराटेचा आरंभ आणि शेवट त्यातच आहे असं ते मानत. रेई म्हणजे अदब, आणि ती दाखवायची ती कमरेतून वाकून. आमच्या घरात यावरून थोडी कुजबुज झाली. माझ्या आपाने स्पष्टच विचारलं, "पोरगी कुणापुढे वाकतेय?" प्रश्न रास्त होता. आमच्यात सजदा एकालाच. मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "समोरच्या भिंतीवर गुरूंचा फोटो आहे. त्याच्यासमोर वाकायचं नसेल तर तिने सरळ उभं राहावं, माझी हरकत नाही. पण जोडीदाराला रेई चुकवायचा नाही. आता ती त्याच्या तोंडावर ठोसा रोखणार आहे." आपाला हे पटलं. मला तर मुशायऱ्यातला आदाब आठवला.

तो ठोसा रोखायचा म्हणजे कातडीच्या अलीकडे थांबवायचा. पूर्ण जोराने सोडायचा आणि बोटभर अंतरावर आवरायचा. तोक्यो ऑलिंपिक २०२१ मध्ये झालं, तेव्हा कराटे तिथं पहिल्यांदाच आलं. आम्ही बापलेक टीव्हीसमोर होतो. वजनी गटातल्या शेवटच्या लढतीत सौदी अरेबियाचा तारेक हमेदी गुणांत पुढे होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेहला लागली आणि तो कोसळला. त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. पंचांनी हमेदीला बाद ठरवलं आणि सुवर्णपदक बेशुद्ध पडलेल्याला गेलं. जगभर वाद झाला. मीही ओरडलो, "हा काय न्याय?" मुलगी म्हणाली, "अब्बा, त्याने लाथ आवरली नाही." हमेदीचे अश्रू पाहून मला आजही वाईट वाटतं, पण नियम तिला माझ्यापेक्षा आधी कळला होता. आदल्या दिवशी ओकिनावाच्याच र्‍यो कियुनाने कातामध्ये सुवर्ण जिंकलं होतं. दिवंगत आईची तसबीर हातात धरून तो पदकाच्या मंचावर उभा राहिला. पॅरिसच्या २०२४च्या ऑलिंपिकमध्ये मात्र कराटे नव्हतं.

पालक मला विचारतात, चांगला क्लास ओळखायचा कसा? मी काही तज्ज्ञ नाही, पोळलेला बाप आहे. परीक्षा कोण घेतं, ते आधी विचारा. जुन्या शिस्तीच्या संस्थांत शिकवण्याची आणि परीक्षा घेण्याची पात्रता वेगवेगळी असते. जपान कराटे असोसिएशनमध्ये शिक्षक, पंच आणि परीक्षक यांचे परवाने निरनिराळे आहेत. गेल्या परीक्षेत किती जण नापास झाले, हेही विचारा. उत्तर 'एकही नाही' असं आलं तर पुढच्या वेळी पुन्हा विचारा. फी घेणं गुन्हा नाही. परीक्षक प्रवास करून येतात, संस्थेचा खर्च असतो. पण ती पट्ट्यासाठी घेतात की परीक्षेसाठी, हे नापास झालेल्या मुलाच्या पालकांना विचारलं की कळतं. आणि शिक्षक स्वतः अजून कुणाकडे शिकतात का, हेही पाहा. आमचे सर पन्नाशी ओलांडूनही वर्षातून दोनदा आपल्या सेन्सेईंकडे जातात आणि तिथे मागच्या रांगेत उभे राहतात.

मुलगी पांढऱ्या पट्ट्यापासून पुन्हा चढली. पाच वर्षं लागली. शोदानच्या परीक्षेत पहिल्या खेपेला नापास झाली, कुमितेत. या वेळी मी कुणाला भेटायला गेलो नाही. दुसऱ्या खेपेला परीक्षकांनी तिला अवघड काता करायला लावली, ती नीट झाली. मग म्हणाले, आता हेइआन शोदान करून दाखव. मी मागच्या बाकावरून तिचे पाय पाहत होतो. जिथून निघाली, तिथेच येऊन थांबली.