परकीय भाषा आणि विद्यार्थ्यांची बलस्थाने : गैरसमज आणि वस्तुस्थिती

परकीय भाषेच्या वर्गात कोणी उच्चार चटकन उचलतो, कोणाला व्याकरणाचे नियम आधी उमगतात, तर कोणाचे पाठांतर पक्के असते. हा फरक खरा आहे. त्याचे लावले जाणारे अर्थ मात्र अनेकदा चुकीचे असतात.

गैरसमज १ : विद्यार्थी ‘दृश्य’, ‘श्राव्य’ किंवा ‘कृतिशील’ अशा एका प्रकारात मोडतो आणि त्याच पद्धतीने अधिक शिकतो.

वस्तुस्थिती : हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली यावरील संशोधन तपासले, तेव्हा या दाव्याला पुरेसा आधार आढळला नाही. पद्धत मुख्यतः पाठ्यघटकावरून ठरते. फ्रेंचमधले अनुनासिक स्वर कानावर पडायलाच हवेत. जपानी लिपीतली कांजी चिन्हे नजरेखालून आणि हाताखालून जायलाच हवीत.

गैरसमज २ : हॉवर्ड गार्डनर यांच्या सिद्धांताने अध्ययनशैलीचे हे प्रकार सिद्ध केले.

वस्तुस्थिती : गार्डनर यांनी १९८३ साली बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धांत मांडला. बुद्धिमत्ता आणि अध्ययनशैली या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी स्वतःच स्पष्ट केले आहे.

गैरसमज ३ : भाषेची देणगी एक तर असते, नाही तर नसते.

वस्तुस्थिती : अमेरिकेत जॉन कॅरोल आणि स्टॅनली सेपन यांनी १९५९ साली भाषिक अभियोग्यता चाचणी प्रसिद्ध केली. कॅरोल यांनी या अभियोग्यतेचे चार घटक मानले : ध्वनी ओळखून लक्षात ठेवणे, शब्दांचे वाक्यातले कार्य ओळखणे, उदाहरणांवरून नियम शोधणे आणि पाठांतर. एकात मागे असलेला विद्यार्थी दुसऱ्यात पुढे असू शकतो. कॅनडात सरकारी कर्मचाऱ्यांना फ्रेंच शिकवताना अशा चाचण्यांच्या आधारे वेगवेगळ्या अध्यापनपद्धती नेमून दिल्या जात.

गैरसमज ४ : मातृभाषा बाजूला ठेवली तरच परकीय भाषा येते.

वस्तुस्थिती : मातृभाषा हेही बलस्थानच आहे. मराठीप्रमाणे जर्मनमध्येही तीन लिंगे आहेत, त्यामुळे ही कल्पना मराठी विद्यार्थ्याला नवी नसते. जपानीतही क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. मात्र साम्यावर विसंबून चालत नाही : सूर्य मराठीत पुल्लिंगी, तर जर्मनमध्ये स्त्रीलिंगी आहे.

गैरसमज ५ : प्रत्येकासाठी वेगळा पाठ तयार करावा लागतो.

वस्तुस्थिती : उद्दिष्ट आणि उतारा सर्वांना एकच ठेवता येतो, बदलायचा तो आधार. कोणाला शब्दसूची, कोणाला नियमांचा तक्ता, कोणाला उताऱ्याचे ध्वनिमुद्रण द्यावे. बलस्थान ही सुरुवातीची पायरी आहे. ऐकणे, बोलणे, वाचणे आणि लिहिणे ही चारही कौशल्ये प्रत्येकालाच मिळवावी लागतात.